कल्ब्याच्या दिवसांतलं पडसं

आमच्या झाइम्का गावात वसंत आला हे बाहेरच्या माणसाला बसमध्ये चढलं की कल्ब्याच्या वासानं कळतं. कल्बा म्हणजे जंगली लसूण. बर्फ वितळलं की फर आणि बर्चच्या झाडांखाली त्याची रुंद कोवळी पानं वर येतात, आणि ती आली की सगळं गाव ती खात सुटतं. अंड्याबरोबर खातं, आंबट सायीबरोबर खातं, मांतीत, म्हणजे वाफवलेल्या कणकेच्या पुरचुंडीत, भरून खातं, काही नाही मिळालं तर नुसतं मीठ लावून खातं. मग एकमेकांना खेटून बसलं तरी कोणाला कोणाचा वास येत नाही, कारण कल्ब्याचं तसंच आहे. ज्यानं तो खाल्ला त्याच्या नाकाला तो कळत नाही. ज्यानं खाल्ला नाही त्याचे मात्र हाल कुत्रा खात नाही.

आणि आमच्या गावात न खाणारा एकच माणूस होता, येफिम लुकिच. मी राखिमा, शाळेच्या स्वयंपाकघरात असते. येफिमच्या आणि माझ्या घरामध्ये एक कुंपण आहे, तेही अर्धं पडलेलं. तेव्हा मी सांगते ते ऐकीव नाही.

येफिमची नोकरी जंगलाच्या चौकीवर. गावाच्या वर, जिथून जंगलाचा रस्ता सुरू होतो, तिथे एक लाकडी खोली, रस्त्यावर एक आडवा दांडा, आणि दांड्याला टेकून येफिम. नियम असा की माणशी एक जुडी न्यायची, दोन्ही हातांत मावेल तेवढीच, आणि पान कापायचं, कंद उपटायचा नाही. नियम वाईट आहे असं मी म्हणत नाही. पण एका जुडीत आमच्याकडे एका माणसाची धड न्याहारी होत नाही, मग हिवाळ्यासाठी बरणीत काय भरायचं, नियम? म्हणून जो तो जुडी हातात मिरवायचा आणि गोणी लपवायचा.

आणि येफिम ती काढायचा. हात लावायचा नाही, सामान उचकायचा नाही. गाडी थांबली की खिडकीतून डोकं आत घालायचा, डोळे मिटायचा, एक श्वास घ्यायचा आणि दुधाचा भाव सांगावा तसं सांगायचा, मागच्या सीटखाली दोन गोण्या आहेत, त्यातली एक ओली आहे. लोकांनी शेणखताखाली लपवून पाहिलं, रॉकेलच्या डब्यांमागे लपवून पाहिलं. ओसिपनं तर लग्नाला वाजवायची बाजाची पेटी आतून रिकामी करून तिच्यात भरून आणला. येफिमनं त्याला म्हटलं, जरा वाजवून दाखव. माझ्या भाचीनं बाबागाडीत तान्ह्या पोराखाली घालून आणला, तर हा वाकून पोराकडे कौतुकानं बघत म्हणाला, अजून दात नाहीत याला, आणि कल्बा खायला लागला?

हे नाक शाबूत राहावं म्हणून तो बर्फ वितळल्यापासून गवत कापणीपर्यंत कल्ब्याला शिवायचा नाही. घरात उस्तिन्या, म्हणजे त्याची बायको, सगळ्या गल्लीत सरस पिरोग करायची, कल्बा भरून भट्टीत भाजलेले, आणि हा ते दिवस अंगणातल्या न्हाणीघरात झोपायचा. सकाळी ती दारातून बोलायची आणि हा कुंपणापासून उत्तर द्यायचा. त्यांचा अर्धा संसार मला फुकट ऐकायला मिळाला.

गावानं काय कमी प्रयत्न केले? एक घास पोटात गेला तर नाक बसणार हे सगळ्यांना ठाऊक. ईस्टरला बोलवून पाहिलं, बारशाला बोलवून पाहिलं, मयताच्या जेवणात सारात चिरून घातला. हा कुठेही गेला तरी कोटाच्या खिशात स्वतःचे उकडलेले बटाटे. लग्नात अंडं खायचा तेसुद्धा स्वतः सोलून. आम्हाला वाटायचं, राजाला विष घालायला निघालोय की काय. त्यालाही बहुतेक तसंच वाटायचं, कारण जंगल कार्यालयाच्या भिंतीवर त्याचा फोटो लागल्यापासून स्वारीचं चालणंच बदललं होतं. उस्तिन्या म्हणायची, बघ कसा नाकानं कांदे सोलत चाललाय.

आता खरी गंमत सांगते. जप्त केलेल्या गोण्यांचं काय व्हायचं? कागदावर लिहायचं, नष्ट केल्या. आणि नष्ट कुठे व्हायच्या? दर वसंतात एकदा, कधी दोनदा, जंगल कार्यालयाचे संचालक येर्मेक सापारोविच यांची हिरवी जीप मागे ताडपत्री बांधून चौकीवरून खाली जायची. ताडपत्रीखाली काय आहे ते गावातल्या कोंबड्यांनासुद्धा माहीत होतं. जिल्ह्याच्या साहेबांना, त्यांच्या साहेबांना, आणि त्यांच्या बायकांना कल्बा फार आवडतो. तिकडे तो चावून चावून नष्ट होत असे. आणि ती जीप आली की आमच्या येफिमला हटकून पडसं व्हायचं. बाबागाडीतलं पान ओळखणारा माणूस रुमाल नाकाला लावून दांडा वर करायचा आणि सलाम ठोकायचा. साहेब काच खाली करून विचारायचे, काय येफिम लुकिच, पडसं का? हा म्हणायचा, हो साहेब, हवा बदलतेय.

यात मी त्याला फार दोष देत नाही. नोकरी सगळ्यांनाच हवी असते. माझाही शाळेत बटाटे मोजताना डोळा कधीकधी दुखतो. पण एका वर्षी त्यानं जे केलं ते मला अजून पटलेलं नाही.

त्या वर्षी उस्तिन्या स्वतः अस्वलदरीत गेली होती. आमच्याकडे प्रत्येक घराची आपली एक जागा असते, आणि ती सांगायची नाही अशी रीत आहे. अस्वलदरी ही उस्तिन्याच्या माहेरची जागा, तिच्या आईनं तिला दाखवलेली. गुडघाभर बर्फातून गेली, मोज्यांत विजारी खोचून, तरी मानेला गोचीड चिकटलीच. एक गोणी भरली आणि ट्रॅक्टरवर बसून आली. ट्रॅक्टरला खिडकी नाही, डोकं घालायला जागा नाही. येफिम नुसता जवळ आला आणि बायकोच्या तोंडाकडे न बघता म्हणाला, झग्याखाली. सगळ्यांसमोर तिला गोणी रिती करायला लावली. संचालकांनी सभेत ती गोष्ट वाचून दाखवली, कर्तव्य म्हणजे काय त्याचं उदाहरण म्हणून, लोकांनी टाळ्या वाजवल्या. उस्तिन्या गवत कापणीपर्यंत त्याच्याशी बोलली नाही. आणि आठवड्याभरात ती गोणी ताडपत्रीखालून खाली गेली. येफिमला पडसं झालेलं होतं.

त्यानंतर उस्तिन्या जंगलात गेलीच नाही. शेजारचे आणून द्यायचे, ती पिरोग करायची, पण अस्वलदरीचं नाव काढायची नाही.

मग एका हिवाळ्यात तिचं पोटाचं ऑपरेशन झालं. परत आली ती निम्मी होऊन. तोंडाला चव नाही, सगळं राखेसारखं लागतं म्हणायची. मी सूप नेलं, मांती नेल्या, हाडांचा काढा नेला. दोन चमचे घ्यायची आणि भिंतीकडे तोंड करायची. डॉक्टरनं सांगितलं होतं, खाल्लं तर उठेल. हे ऐकल्यापासून येफिमच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला. चौकीवरून आला की तिच्या उशाशी बसायचा, बटाटा कुस्करून भरवायला बघायचा. तीच म्हणायची, जा, तुझ्या नाकाला त्रास होईल.

बर्फ वितळलं, आणि त्याच सुमाराला संचालकांनी येफिमला बोलावून घेतलं. राजधानीहून समिती येणार होती, एक मोठ्या बाई आणि चित्रीकरण करणारा माणूस. त्यांना हे प्रसिद्ध नाक बघायचं होतं. येफिमचं निवृत्तीचं वय होऊन गेलं होतं. नाक नीट चाललं तर त्याला मुख्य रखवालदार करून ठेवतील, चौकीवरच राहू देतील, असं साहेबांनी सांगितलं. नाही चाललं तर, साहेब म्हणाले, माणसानं कधीतरी आराम करायलाच हवा. चौकी गेली तर येफिम काय करणार होता? त्याला दुसरं काही येतच नव्हतं, आणि घरात बसून उपयोगी पडण्याची सवय त्याला कधी लागलीच नव्हती.

समिती यायच्या आदल्या दिवशी दुपारी मी आंबट साय घेऊन त्यांच्याकडे गेले. उस्तिन्या उशाला टेकून बसली होती आणि येफिम दारात, अजून चौकीच्या टोपीत.

"मला कल्बा हवाय," ती म्हणाली. "अस्वलदरीतला. दुसऱ्या कोणी आणलेला नको, तू आण."

येफिम म्हणाला, उद्या समिती जाऊ दे, परवा पहाटेच जातो. ती म्हणाली, परवा मला भूक असेल की नाही सांगता येत नाही, आज आहे. मग तिनं दुसरी अट घातली, की मी एकटी खाणार नाही, माझ्यासमोर बसून तूही खायचंस. मी साईचं भांडं हातात धरून उभी. जावं की राहावं कळेना, म्हणून राहिले.

त्यानं टोपी खुंटीला लावली आणि निघाला. दुपार कलताना परत आला तो चिखलानं माखलेला, आणि हातात एक जुडी. नियमाप्रमाणे, दोन हातांत मावेल एवढीच. मूळ नाही, नुसती पानं, आणि देठ ओल्या शेवाळात गुंडाळलेले. उस्तिन्यानं जुडी नाकाशी धरली तेव्हा तिचे डोळे भरून आले, आणि खोटं कशाला सांगू, माझेही. मी पानं चिरली, मीठ घातलं, साय घातली, भाकर कापली. तिनं पहिला घास घेतला. नीट चावला. मग वाडगा त्याच्याकडे सरकवला.

येफिमनं चमचा हातात घेऊन बराच वेळ धरून ठेवला. एवढ्या वर्षांची तपश्चर्या होती बिचाऱ्याची. मग खाल्ला. पहिला घास औषधासारखा खाल्ला, दुसरा माणसासारखा, आणि पुढे मला साय आणखी आणायला घरी जावं लागलं. परत आले तर दोघं वाडगा भाकरीनं पुसत होती. उस्तिन्याच्या गालावर हिवाळ्यानंतर पहिल्यांदा रंग दिसला.

आणि तेव्हा तिनं विचारलं, अगदी हळू, भांडायचा सूर नव्हता.

"येफिम, माझी ती गोणी कोणी खाल्ली रे?"

तो भाकरीचा तुकडा वाडग्यात फिरवत राहिला, वाडगा कधीच साफ झाला होता.

आता माझं म्हणाल, तर माझ्या पोटात काही राहत नाही, ते सगळ्या गल्लीला माहीत आहे. घरी जाताना मी फक्त ओसिपच्या बायकोला सांगितलं की येफिमनं कल्बा खाल्ला. तिनंही बहुतेक एकालाच सांगितलं असेल. सकाळ व्हायच्या आत गाव जंगलात होतं. जे कधी गुडघेदुखीमुळे बाजारात जात नाहीत ते कड्यावर चढले. शाळेचे मुख्याध्यापक निसर्ग बघायला म्हणून गेले, दोन गोण्या घेऊन. मीही दिराच्या गाडीतून गेले. सगळेच जातात तर आपण एकट्यानं मागे राहून काय करायचं?

परत येताना चौकीवर एवढी लांब रांग की मागच्या वळणापर्यंत गाड्या. पुढे दांड्यापाशी समितीच्या मोठ्या बाई पांढऱ्या कोटात, त्यांच्या शेजारी संचालक, कॅमेरावाला, आणि मधोमध येफिम, इस्त्रीच्या गणवेशात. पाच-सहा गाड्यांमागे आमची. माझ्या सीटखाली गोणी, पायांशी गोणी, आणि मांडीवर शहाण्या बाईसारखी एक जुडी.

येफिमनं पहिल्या गाडीत डोकं घातलं, डोळे मिटले, श्वास घेतला. बाहेर आला आणि म्हणाला, काही नाही. दुसऱ्या गाडीत घातलं. काही नाही. ओसिपच्या गाडीची मागची चाकं वजनानं दबली होती. काही नाही. आमच्या खिडकीत त्याचं डोकं आलं तेव्हा मी बघितलं, त्याचे डोळे मिटलेले नव्हते. त्यानं माझ्या पायाखाली बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि बाहेर जाऊन म्हणाला, काही नाही, जुडी आहे एक.

मोठ्या बाई मात्र रुमाल काढून उभ्या. त्यांनी आयुष्यात कल्बा खाल्लेला नसणार. त्यांनी संचालकांना विचारलं की हा वास कसला येतोय, जीव गुदमरतोय. साहेब म्हणाले, जंगलाची हवा आहे, बाई, तुम्हा शहरातल्या लोकांना सवय नसते. बाईंनी कॅमेऱ्याकडे बघून सांगितलं की एवढे प्रामाणिक ग्रामस्थ त्यांनी देशात कुठे पाहिले नाहीत. मुख्याध्यापकांनी मान तुकवून नमस्कार केला. त्यांच्या गाडीच्या दारातून एक हिरवं पान बाहेर लोंबत होतं.

रांग संपत आली. शेवटी, सगळ्या गाड्यांच्या मागे, ताडपत्री बांधलेली हिरवी जीप उभी होती. समितीला निरोप द्यायला साहेब तीच घेऊन खाली जाणार होते. ड्रायव्हरनं सवयीनं हॉर्न दिला. साहेबांनीही सवयीनं विचारलं, "काय येफिम लुकिच, पडसं का?"

येफिमनं खिशातला रुमाल काढला. आम्हाला वाटलं, झालं, आता शिंकणार आणि दांडा वर करणार. त्यानं रुमालाची घडी घातली आणि परत खिशात ठेवली.

"नाही साहेब. पडसं गेलं. ताडपत्री सोडा."

साहेब हसले. हसत हसत म्हणाले, तुम्ही थकलात, आत जाऊन चहा घ्या. येफिम म्हणाला, चहा नंतर, मागे आठ गोण्या आहेत. साहेब हळू आवाजात म्हणाले की तुमचं नाक आज बिघडलंय. पण कॅमेरा चालू होता, आणि मोठ्या बाईंना आता राहवेना. त्या म्हणाल्या, याचा वास तर मलासुद्धा येतोय. ड्रायव्हरनं दोर सोडला. आठच्या ऐवजी नऊ निघाल्या. वरच्या गोणीवर चिठ्ठी होती, मोठ्या बाईंच्या खात्याच्या नावाची.

बाईंनी चिठ्ठी वाचली, साहेबांकडे बघितलं, कॅमेरावाल्याला म्हणाल्या, बंद कर. मग घसा साफ करून त्यांनी हुकूम दिला की माल जप्त करा. आणि पुराव्यासाठी तो राजधानीला पाठवायला हवा, म्हणून नऊच्या नऊ गोण्या त्यांच्याच गाडीत भरा. भरल्या. कोणाच्या गाडीतून गेल्या एवढाच काय तो फरक. नष्ट झाल्या असतील एव्हाना.

साहेब जागेवरच आहेत. त्यांच्यावर चौकशी झाली आणि चौकशीत असं निघालं की ताडपत्री सैल बांधली होती. येफिमला मात्र दहा-बारा दिवसांतच निरोप मिळाला. समारंभ झाला, भिंतीवरचं घड्याळ दिलं, साहेबांनी त्याच्या सेवेबद्दल भाषण केलं आणि मुख्याध्यापकांनी टाळ्या वाजवल्या. चौकीवर आता एक कुत्रा आणलाय, शिकवलेला. छान कुत्रा आहे. पहिल्याच आठवड्यात ओसिपच्या बायकोनं त्याला पिरोग खायची सवय लावली.

उस्तिन्या उठली. हळूहळू, पण उठली. या वसंतात ती येफिमला घेऊन अस्वलदरीत गेली, आणि मला म्हणाली, चल तूही. आमच्याकडे आपली जागा कोणी कोणाला दाखवत नाही, तिनं मला दाखवली. उतारावर बर्फाचे उरलेसुरले ढिगारे, त्यांच्या कडेनं जांभळी फुलं, आणि फरच्या सावलीत सगळीकडे कल्बा. उस्तिन्या खोडावर बसून कुठलं पान कापायचं ते सांगत होती आणि येफिम ओणवा होऊन कापत होता, दोनातलं एक पान ठेवून. त्याच्या पाठीवर एक गोचीड चढत होती, ती मी काढली.

मग मला राहवलं नाही. मी विचारलं की येफिम, तू तर समिती यायच्या आदल्या दिवशी वाडगा पुसून खाल्ला होतास, मग त्या जीपमधला वास तुला आला कसा?

त्यानं सुरी पानांवरच थांबवली. उस्तिन्याही ऐकत होती.

"दरवर्षी यायचा, राखिमा," तो म्हणाला. "फक्त त्या दिवशी आला नाही."

उस्तिन्यानं खोडावर सरकून त्याला जागा केली आणि म्हणाली, ये, बस जरा. तो बसला. तिनं पिशवीतून भाकर आणि मीठ काढलं, आणि आम्ही तिघांनी तिथेच खाल्लं.